वारुळावरची खोली

बुधवार, १९ नोव्हेंबर १९७५. थंडी पडू लागली. सकाळी गाद्यांना ऊन दाखवलं. शेजारची रुख्मिणी केनवडहून पहिल्या बाळंतपणाला आली; सोबत नवरा आणि पत्र्याची पेटी. जेवली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. पेटीही परत गेली. तिच्या आईनं, गोजराबाईनं, मागून ठेवलेला आमचा बंब चिंचेनं घासून ओट्यावर काढला होता. न्यायला कोणी आलं नाही.

सातव्या महिन्यात माहेरी आलेली लेक त्याच दिवशी परत जाते, असं अनसिंगच्या त्या गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. बायका दोन दिवस कुजबुजत राहिल्या. जावयानं काही मागणं केलं असेल, भावजयीनं तोंड वाकडं केलं असेल. खरं कारण साऱ्यांनाच ठाऊक होतं, पण ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून दुसरी शोधावी लागत होती.

गोजराबाईनं रीतीत मात्र कसूर केली नव्हती. दारात लेकीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, पुरण घातलं, ओटीत गहू, खण आणि नारळ दिला. आणि ओटी भरून झाल्यावर, डोळे खाली ठेवून म्हणाली, "दोनच्या गाडीनं जावई परत चालले. त्याईच्या संगंच जाय."

रुख्मिणीला वाटलं, आई थट्टा करते आहे. "कोण जाय?"

"तू."

"मी आताच तं आली, माय."

"त्या खोलीत तुले निजवत नाई मी."

"मंग दुसरीत निजव. गोठ्यात निजव. माह्यं काई म्हणणं नाई."

"वारूळ काय खोलीपुरतंच होतं? त्याचं पोट साऱ्या आवाराखाली गेलं असन. या आवारात नाई, रुख्मे."

"अन् तिथं कोण हाये माह्यं? सासू नाई, जाऊ नाई. दोघं बापलेक अन् एक म्हैस. मले कळा आल्या तं म्हैस येईन का धावून?"

गोजराबाई हसली नाही. पेटीला दोरी बांधायला बसली. तिची गाठ नेहमी एका झटक्यात बसायची. त्या दिवशी ती दोनदा सुटली.

त्या खोलीची गोष्ट अशी. थोरली लेक गंगू पहिल्या वेळी माहेरी यायची होती तेव्हा घरात कापूस भरलेला, पाऊल ठेवायला जागा नव्हती. गोजराबाईचे मालक शालिग्राम म्हणाले, परसात एक खोली काढू. परसात कोपऱ्याला वारूळ होतं. दर नागपंचमीला गोजराबाई त्याला दूध-लाह्या वाहायची. शालिग्रामनं दोन गडी लावून ते खणून काढलं, माती गाऱ्यात मिसळली आणि त्याच मातीच्या भिंती उभ्या केल्या. वर पत्रे टाकले. खणताना साप सोडा, सापाची कातही निघाली नाही. शालिग्राम तेव्हा हसून म्हणाले होते, "नागोबा बदली होऊन गेले, म्हणा."

त्या खोलीत गंगूचा देवमन जन्मला. गोरा, वजनदार, टप्पोऱ्या डोळ्यांचा. चालायला उशिरा लागला, आणि पळायला कधी लागलाच नाही. पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या. बायका म्हणायच्या, झाकून ठेव, नजर लागेल. चवड्यांवर, पोट पुढे काढून चालायचा. सपाट अंगणात पडायचा. जमिनीवरून उठताना आधी हात टेकायचा, मग कंबर वर, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर; स्वतःच्याच अंगाची शिडी करून तो वर चढायचा. आता नऊ वर्षांचा होता. शाळा समोरच म्हणून आजीकडे राहायचा आणि आजी त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडायची.

गंगूचं दुसरं लेकरू मुलगी. ती ऐन कापूस वेचणीत, सासरीच झाली. ती झाडाझुडपांवर चढायची. तिसरं लेकरू मुलगा, पुन्हा माहेरी, त्याच खोलीत. तोही आता चवड्यांवर चालू लागला होता. आणि गोजराबाईच्या मुलाचे, इंद्रभानचे, दोन्ही पोरगे त्यांच्या आईच्या माहेरी जन्मलेले, ते बैलासारखे धडधाकट.

आता यावर कोणी काय बोलावं? भगत म्हणाला, नागाचं घर मोडलं, त्याच्यासारखं सरपटायला लावीन म्हणतो तो. भगताचं सोडा, ज्यांचा भगतावर विश्वास नव्हता त्यांनीही बोटांवर हिशेब केला, तर खोलीतले दोन आजारी, खोलीबाहेरचे तिन्ही धड. सासरच्या-माहेरच्या रीतीनंच लेकरांची अशी वाटणी करून ठेवली आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार? लेकीची लेकरं माहेरी जन्मतात, सुनेची तिच्या माहेरी. ते इतकं रोजचं होतं की त्याकडे कोणी पाहिलं नाही. पाहिलं ते खोलीकडे.

शालिग्राम तेव्हापासून नागपंचमीला कडकडीत उपास करायचे. चेष्टा करणारा तो माणूस परसाकडे पाठ करून जेवायला बसायचा.

नवस झाले, तिळाच्या तेलाची मालीश झाली, बिब्ब्याचे चटके झाले. शेवटी वाशिमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. रुख्मिणीला परत पाठवल्याला पंधरवडा झाला असेल, गोजराबाई आणि गंगू देवमनला घेऊन निघाल्या. अकोल्यापर्यंत एस.टी., पुढे रेल्वे.

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "पोराचं किती वय? अर्धं लागते."

देवमन म्हणाला, "अर्धंच घ्या. मी अर्धाच चालतो."

कंडक्टर हसला. गंगूनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

नागपूरच्या दवाखान्यात त्यांचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. डॉक्टर तरुण नव्हता, म्हातारा नव्हता, डोळे दमलेले. त्यानं देवमनला फरशीवर बसवलं आणि म्हणाला, "ऊठ बरं, राजा." देवमन उठला, आपली शिडी चढत. डॉक्टरनं पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. पोटऱ्या दाबून पाहिल्या. मग धाकट्याबद्दल विचारलं, मधल्या मुलीबद्दल विचारलं. वारूळ, खोली, भगत, सगळं गंगूनं सांगितलं. तो हसला नाही. सारं ऐकून म्हणाला, "खोलीचा काही दोष नाही. हे जन्माच्याही आधीचं आहे. आईकडून मुलाला येतं."

गंगू म्हणाली, "मी काय खाल्लं होतं, साहेब?"

"खाण्यापिण्याचं नाही. असं बघा. आपलं अंग कसं घडवायचं हे प्रत्येकाच्या रक्तामांसात लिहिलेलं असतं. आईबापाकडून येतं ते. त्यातला एक धागा बाईकडे दुहेरी असतो, पुरुषाकडे एकेरी. विहिरीवर तुमच्याकडे दोन दोर असले आणि त्यातला एक कुजका निघाला, तर दुसऱ्यानं पाणी निघतं. घरात कोणाला पत्ताही लागत नाही. तसं बाईचं. तिला काही होत नाही. पण तिनं तो कुजका दोर मुलाला दिला, तर त्याच्याकडे दुसरा नाही. मग त्याचे स्नायू हळूहळू झिजत जातात."

"अन् चांगला दोर देल्ला तं?"

"तर तो मुलगा ठणठणीत. कोणता दोर हाताला लागेल ते आईच्या हातात नसतं."

"औषध?" गोजराबाईनं विचारलं. एवढा वेळ ती भिंतीला टेकून उभी होती.

डॉक्टरनं देवमनला बाहेर नर्सजवळ बसवायला सांगितलं. मग म्हणाला, "नाही, आजीबाई. हातपाय हलवत ठेवा, आखडू देऊ नका. चालणं दोनेक वर्षांत थांबेल. पुढचं मी आज सांगत नाही." जरा थांबून त्यानं गंगूला विचारलं, "तुमच्या आईकडे कोणी होतं असं? एखादा मामा?"

गंगू म्हणाली, "एक मामा होता. भिवाजी. मी त्याले पाह्यलं नाई. पण तो आंब्यावरून पडला होता."

डॉक्टरनं गोजराबाईकडे पाहिलं. "तुमचा भाऊ?"

"हाओ. थोरला. आंब्यावरून पडला, साहेब. मंग उठला नाई. पंधराव्या-सोळाव्यात गेला."

"पडण्याच्या आधी पळायचा का?"

गोजराबाईनं "हाओ" म्हणायला तोंड उघडलं. "आठवत नाई," ती म्हणाली.

डॉक्टरनं जास्त ताणलं नाही. एवढंच विचारलं, "आणखी मुली आहेत तुम्हाला?"

"एक हाये. केनवडले देल्ली."

"तिला मूलबाळ?"

"सातवा होऊन गेला."

तो पेनाशी चाळा करत बसला. "तिच्याकडे तो दोर गेला असेल किंवा नसेल. रक्त मुंबईला पाठवून तपासता येतं, पण त्यातूनही 'नाही' असं छातीठोक सांगता येत नाही. आणि गेला असला तरी मुलगा होईल की मुलगी, मुलगा झाला तर कोणता दोर घेईल... मला खोटा धीर देता येत नाही, बाई. खोटी भीतीही घालत नाही."

परतीच्या गाडीत देवमन आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. बडनेरा मागे पडलं. गंगू किती तरी वेळ खिडकीच्या गजाला धरून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच गोजराबाईला बघवत नव्हतं.

"माय," गंगू म्हणाली, "मामा कोणत्या आंब्यावरून पडला होता?"

"माह्या बापाच्या वावरातल्या. गोटीआंबा होता."

"उंच होता?"

"होता ना. मी चढो त्याच्यावर."

"अन् मामा?"

गोजराबाईला तो आंबा दिसला. ती सात-आठ वर्षांची, परकराचा काचा मारून वरच्या फांदीवर. खाली सावलीत गोणपाटावर भिवा बसलेला, मांडीवर धोतराचा सोगा पसरून. ती वरून कैरी टाकायची आणि तो झोळीत झेलायचा. "जोरानं फेकू नको, डोक्शात लागन," असं खालून ओरडायचा. घरी जाताना बाप त्याला खांद्यावर घ्यायचा. पोहरादेवीच्या यात्रेलाही खांद्यावरच. उठताना, बापानं हात दिला नाही तर, तो आधी जमिनीला हात टेकायचा, मग गुडघ्याला, मग मांडीला.

भिवा त्या आंब्यावर कधी चढलाच नव्हता. मग तो पडला कुठून?

तिला मग ती सकाळ आठवली, अनसिंगहून तिला पाहायला पाहुणे आले होते ती. ओसरीत बाजेवर भिवा होता, पाय वाळलेले. पाहुण्यांमधला एक म्हातारा म्हणाला, "याले काय झालं?" आणि तिची आई, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "आंब्यावरून पडला, बुवा." तेरा वर्षांची गोजरा पोह्यांचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्या मनात आलं होतं, कधी? मग लग्न झालं. भिवा गेला. सासरी कोणी विचारलं की ती सांगायची, आंब्यावरून पडला. सांगता सांगता तिला तो पडतानाही दिसू लागला होता.

"मामा नाई चढे," ती गंगूला म्हणाली.

गंगूनं गजावरचा हात काढला. मग म्हणाली, "रुख्मीले सांगशील?"

गोजराबाईनं देवमनच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

घरी पोचल्या तर परसातून ठोकाठोक ऐकू येत होती. शालिग्रामनं खोलीचे पत्रे उतरवले होते आणि स्वतः कुदळ घेऊन मागची भिंत पाडत होते. गडी लावला नव्हता. अर्धी भिंत खाली आली होती.

"राहू द्या," गोजराबाई म्हणाली.

"पाडून टाकतो. रुख्मीचं निपटलं की इथं तुळस लावू."

"राहू द्या म्हटलं ना. खोलीचं काई नाई त्याच्यात."

"मंग कोणाचं हाये?"

तिनं कुदळ त्यांच्या हातातून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग सांगितलं. दोर सांगितला, आंबा सांगितला. भिवा त्यावर चढत नव्हता हेही. सांगताना ती सारखी पदराचं टोक पिळत होती, धुणं पिळतात तसं.

शालिग्राम ऐकत होते. सारं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे... मी नाई?"

"तुमी नाई. माह्याकडून आलं ते."

ते खाली, पडलेल्या मातीवरच बसले. इतक्या पंचम्यांचा उपास अंगातून एकदम उतरावा तसा त्यांचा चेहरा ढिला पडला, आणि लगेच, आपल्याला बरं वाटलं याचीच लाज वाटल्यासारखा, पुन्हा आवळला गेला. चिलीम पेटवली, विझली, पुन्हा पेटवली.

"गंगूची माय," ते अखेर म्हणाले, "हे इथंच गाडून टाकू. लोक वारूळ म्हणतात ना? म्हणू दे. आपलं काय जाते? केनवडवाल्यांच्या कानावर गेलं की पोरीतच खोट हाये, तं माणिकराव व्याही तिले आणून सोडतीन कायमची. अन् उद्या गंगूच्या पोरीले कोण करीन? खोलीले नावं ठेवली तं खोली काई रडत नाई."

बरोबर बोलत होते ते. गोजराबाईला त्यात एकही चूक काढता येईना. तिच्या आईनंही हेच केलं होतं, आणि त्यामुळेच तिचा संसार झाला होता. आईनं आंबा पुढे केला, आता ती वारूळ पुढे करणार. उद्या रुख्मिणी काय पुढे करेल?

"पण मी तिले दारातून परत पाठवलं," ती म्हणाली.

"मंग आणून घे. म्हणा, खोली पाडली. झालं."

पाच-सहा दिवस गोजराबाई तशीच काम करत राहिली. ज्वारीच्या कणसांची खळ्यावर मळणी चालली होती. ती दुपारी भाकरी घेऊन जायची आणि बांधावर बसून यायची. देवमन रोज विचारायचा, "आजी, डॉक्टरनं औषध काहून नाई देल्लं?" आणि ती म्हणायची, "येणार हाये." खोटं बोलताना तिला आपल्या आईचा आवाज ऐकू यायचा, तोच, काही घडलंच नाही असा. एका सकाळी तिनं पिशवीत लुगडं टाकलं आणि केनवडची गाडी धरली.

माणिकराव, रुख्मिणीचे सासरे, अंगणात म्हशीला पेंड घालत होते. विहीणबाईंना पाहून त्यांनी डोक्यावरचा फेटा नीट केला, खाट पुढे ओढली, पाणी मागवलं. आणि पाणी पिऊन व्हायच्या आत म्हणाले, "आमच्या गावात म्हैस व्यायले जागा भेटते, बाई. तुमच्याकडे लेकीले भेटली नाई म्हणतात."

"चूक झाली, बुवा. न्यायले आली मी."

"आता कोणत्या नागाले इचारून आल्या?"

"कोणाले नाई इचारलं."

माणिकरावांना भांडायचं होतं. असं उत्तर मिळाल्यावर भांडण पुढे नेता येईना. ते पुन्हा म्हशीकडे वळले.

रुख्मिणी मागच्या ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिचा चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. आईला पाहून तिनं बसायला पोतं सरकवलं, पण वर पाहिलं नाही. "खोली पाडली म्हणते बाबा. निरोप आला होता."

"अर्धी पाडली. मीच थांबवली."

"काहून?"

शेंगांचं सूप दोघींच्या मध्ये होतं. गोजराबाईही शेंगा फोडू लागली, कारण रिकाम्या हातानं तिला हे सांगता आलं नसतं. डॉक्टर जसं बोलला तसं बोलायचा तिनं प्रयत्न केला. दोन दोर, एक दोर. मग आंबा. मग भिवा. रुख्मिणीचे हात कुठे तरी मध्येच थांबले. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे माह्याकडेही असन?"

"असन. नसनही. कोणाले सांगता येत नाई."

"अन् पोरगा झाला तं?"

"तुह्याकडे असन तं अर्धं इकडे, अर्धं तिकडे."

"पोरगी झाली तं?"

"तिले काई होणार नाई. पण तिच्याही पोटात जाऊन बसन, का नाई बसन, ते..."

"ते कोणाले सांगता येत नाई," रुख्मिणीनं वाक्य पुरं केलं. ती हसली, पण ते हसू बघण्यासारखं नव्हतं. "खोलीच बरी होती, माय. खोलीले कुलूप लावता येत होतं."

बाहेर माणिकराव म्हशीशी काही तरी बोलत होते.

"मले दारातून परत पाठवलं तवा मले वाटलं, माय मेली माह्यी," रुख्मिणी म्हणाली. "गाडीत मी त्याईले म्हटलं, आता मी त्या घरचं पाणी पेणार नाई. अन् आता तू हे सांगाले आली. हे सांगितलं नसतं तं काय बिघडलं असतं? नुसतं म्हटलं असतं, चाल, खोली पाडली."

"म्हणता आलं असतं."

"मंग?"

"माह्या मायनं मले नाई सांगितलं. गंगूले दोन झाले. एकावर थांबली असती, का काय केलं असतं ते तिचं तिनं ठरवलं असतं. तिले ठरवाले भेटलंच नाई."

रुख्मिणीनं मूठभर टरफलं उचलून दूर टाकली. एक कोंबडी धावत आली, चोच मारून निराश होऊन गेली. रुख्मिणीनं पोटावर हात ठेवला. आतून पाय लागला असावा, कारण ती जरा वाकली. "लाथा तं चांगल्याच मारून राह्यला," ती म्हणाली, आणि मग, आपण काय बोललो ते कानांवर पडल्यासारखी, पुन्हा शेंगा फोडू लागली. देवमनही गंगूच्या पोटात अशाच लाथा मारायचा, हे दोघींनाही आठवत होतं.

"सासऱ्याईले काय सांगू?" गोजराबाईनं विचारलं. "तू म्हणशील ते सांगन. वारूळ म्हणशील तं वारूळ."

रुख्मिणी बराच वेळ सूप पाखडत राहिली. दाणे एकीकडे, कचरा एकीकडे. मग म्हणाली, "तू काईच सांगू नको. आज त्याईले, माह्या घरवाल्याले, मी सांगन. मंग त्याईनं त्याईच्या बापाले सांगावं का नाई, ते दोघं पाहतीन. टाकलं तं टाकलं. पण तू आता कुठी आंबा लावू नको, माय."

त्या रात्री गोजराबाई केनवडलाच राहिली. आतल्या खोलीत नवराबायको काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. सकाळी जावई उठून विहिरीवर गेला, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी ओढत राहिला, आणि परत येऊन पत्र्याची पेटी गाडीतळापर्यंत डोक्यावर घेऊन चालला. रुख्मिणीला गाडीत बसवून दिल्यावर तो खिडकीशी उभा राहिला. "मी येतो आठ दिसांनी," तो म्हणाला. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते वाशिमपर्यंत गोजराबाईला कळेना. रुख्मिणीला विचारायची तिची छाती झाली नाही.

अनसिंगला उतरल्या तेव्हा दुपार कलली होती. शालिग्रामनं मागची भिंत पुन्हा उभी केली होती, त्याच मातीची. ओली होती अजून, आणि पत्रे चढवले होते. देवमन अंगणात भिंतीला टेकून बसला होता. मावशीला पाहून तो उठू लागला. आधी हात जमिनीला, मग गुडघ्याला, मग मांडीला. रुख्मिणी तो पुरता उभा होईपर्यंत दारातच थांबली, एका हातानं पोट धरून, नजर न हलवता. मग गोजराबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि ती आत गेली.

बुधवार, १७ डिसेंबर १९७५. थंडी फार. शेजारची रुख्मिणी बाळंतपणाला परत आली. संध्याकाळी इंद्रभान येऊन बंब घेऊन गेला. तोटी गळते, चिंधी बांधून दिली. उद्यापासून आपलं अंघोळीचं पाणी चुलीवर, मोठ्या पातेल्यात.